दोन मिनिटांत न मावणारी प्रार्थना

कॉलर्डच्या पालेभाजीची निम्मी पानं देठावरून काढून झाली होती, निम्मी सिंकमध्ये मातीसकट भिजत होती, तेवढ्यात आमच्या चर्चमधल्या सगळ्यात वयस्कर, म्हणून सगळ्यांच्याच 'मदर', आयडेलांचा फोन.

"नॅडीन, मी मेले का गं?"

"अहो मदर, असं काय बोलता!"

"नाही, मेले असेन तर मयताच्या घरी आणतात तसा कुणी केक तरी आणून ठेवा. काल डायलिसिस होतं. मला नेणारा पुतण्या गेलाय डेट्रॉइटला. टोपी घालून पायरीवर बसून राहिले, कुत्रंही फिरकलं नाही. पायांचे भोपळे झालेत."

माझ्या नवऱ्यानं त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. पण त्याची नोकरी. पुढच्या वेळी कोण नेणार? आणि 'मला न्या' असं म्हणण्यापेक्षा मदर आयडेला मरण पत्करतील.

दोष सगळा आमच्या चर्चचे वडीलधारे सेवक, डीकन लेम्युएल स्टर्डिव्हंट, यांच्या प्रार्थनेचा. म्हणजे, ती आखूड झाली त्याचा.

लेम्युएलनी जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. आता डोळ्यांनी दगा दिलाय, गाडी चालवत नाहीत. पण माउंट पिसगा चर्चमध्ये दर रविवारी ते गुडघे टेकतात आणि देवाला जे ठाऊकच आहे ते सगळं त्याला पुन्हा सांगतात, आम्हाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. कुणाची वीज तोडली, कुणाच्या पोराला पोलिसांनी नेलं, कुणाकडे बाळ आलं पण पाळणा नाही. "तू जाणतोस, प्रभू!" ते म्हणतात. "जाणतोस!" आम्ही ओरडतो, आणि कुणी काय न्यायचं ते मनात ठरवून टाकतो. कुणाला हात पसरावा लागत नाही. काळे म्हणून गावात आमच्या आजोबांना दुसरं दार उघडं नव्हतं, तेव्हापासूनची ही रीत.

नवे पास्टर यान्सी मोठ्या कॉलेजातले. "डीकन, देवाला मुद्दा चटकन कळतो. दोन मिनिटं पुरेत. बाकीचं मी फोनवर पाठवीन." पाठवलंही. आमचे फोन नातवंडांच्या हातात.

आणि दोन मिनिटं तर लेम्युएलना 'रात्रीत अंथरुणाची तिरडी केली नाहीस' म्हणून आभार मानायलाच लागतात. आभार संपले, पास्टरांनी माईक बंद केला, मदर आयडेलांचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

"मी बोलते पास्टरांशी," मी लेम्युएलना म्हणाले.

"नको पोरी. मी वर कळवतो."

या रविवारी त्यांनी आभार गाळले. "प्रभू, आमच्या पास्टरवर दया कर!"

"दया कर!"

"त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. मी त्याचा शेजारी, भिंतीपलीकडून मला रोज रात्री नुसती मायक्रोवेव्हची शिटी ऐकू येते!"

"अरेरे, प्रभू!"

"आमचं हे पास्टर लेकरू एकटं उभ्यानं जेवतं! आणि मदर आयडेला टोपी घालून बसून राहते, न्यायला कुणी नाही!"

माईककडे निघालेला पास्टरांचा हात हवेतच राहिला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर तळलेली कोंबडी, मॅकरोनी, रताळ्याची गोड पाई, आणि केक इतके की एक खुर्चीवर ठेवावा लागला.

"डीकन," ते तोंड भरलेलं असताना म्हणाले, "माझ्या घरातलं लोकांना सांगायची काय गरज होती?"

"लोकांना कुठं सांगितलं? मी देवाशी बोलत होतो. लोकांनी कान लावले त्याला मी काय करणार?"

पास्टरांनी घास गिळला. "त्यांचं डायलिसिस परत कधी आहे?"

"देवाला विचारा. मी त्याला सांगून ठेवलंय."

मंगळवारी सकाळी मदर आयडेलांना दवाखान्यात न्यायचंय. गाडी पास्टर चालवतील. लेम्युएल शेजारी बसून रस्ता सांगतील.