जास्तीचं मत

निकालानंतरच्या सकाळी ताई अंगणात रोवलेली प्रचाराची पाटी उपटत होती. थंडीनं जमीन आवळली होती, पाटीच्या तारा निघेनात. मी महिनाभरासाठी तिच्याकडे अमेरिकेत आले होते. मदतीला पुढे झाले, तर म्हणाली, "राहू दे. माझी मीच लावलीये."

मग आत येऊन चहा घेताना बोलली. "देशभरात आमच्याच उमेदवाराला जास्त मतं पडली. तरी हरलो."

तिथं अध्यक्ष निवडतात ते राज्यांचे प्रतिनिधी. बहुतेक राज्यांत ज्याला एका मतानं का होईना आघाडी मिळते, त्याच्या पदरात तिथले सगळे प्रतिनिधी पडतात. ताईचं राज्य तिच्या पक्षानं लाखोंनी जिंकलं होतं, पण ती जास्तीची मतं राज्याच्या वेशीबाहेर जात नाहीत. भरल्या रांजणात ओतलेलं पाणी नुसतं सांडतं, शेजारच्या कोरड्या रांजणात जात नाही.

हे एक मत मिळावं म्हणून ताईनं साठीत तिथलं नागरिकत्व घेऊन भारताचा पासपोर्ट परत केला होता.

अचानक तिनं माझ्या डाव्या हाताचं बोट हातात घेतलं. निघण्याआधी मी विधानसभेला मत देऊन आले होते. नखाच्या कडेला शाईची रेघ उरली होती. ती अंगठ्यानं चोळत राहिली.

"तुझं तरी कामी आलं असेल ना गं?"

विरोधकांपेक्षा कमी मतांवर आलेली सरकारं मी आपल्याकडंही पाहिली आहेत.

"आलं की," मी म्हटलं.