मारकडांची किटली

राऊत सर गेल्याचं संगीतानं मला फोनवर सांगितलं, तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते आणि मी कार्यालयात होते. सवयीनं मी विचारलं, कधी, कुठं, कशानं. संगीता बारामतीत नर्स आहे. तिनं क्रमानं उत्तरं दिली. पहाटे, राहत्या घरी, झोपेत. मग मी विचारलं, "नक्की ना?" "म्हैस न्हाय ती," संगीता म्हणाली. "मी सोता बघून आले."

त्या म्हशीबद्दल लिहिणं भाग आहे. तिच्यावाचून सरांची ओळख पुरी होत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमची शाळा निमगाव केतकीपासून सायकलच्या अंतरावर, एका वाडीत होती. राऊत सर मराठी आणि इतिहास शिकवायचे. मूळचे कन्हेरीचे. एसटीनं निमगावपर्यंत आणि तिथून दुकानापाशी ठेवलेल्या सायकलवर येत. त्या वर्षी गणपतीत वारं सुटलं आणि दोन वर्गांचे पत्रे उडाले. आम्ही नववीची मुलं लिंबाखाली बसू लागलो. गणिताच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दिवाळी लांब आणि सहामाही परीक्षा तिच्याही अलीकडे. प्रार्थनेला उभं राहिल्यावर मुलं जांभया देत, आणि त्यांच्याकडे बघून शिक्षकही. अशात एका सोमवारी सरांनी व्हरांड्यात एक जुना फळा टांगला. वर पक्क्या रंगानं दोन ओळी लिहिल्या होत्या. 'रोज एक चांगली बातमी. बातमी खरी पाहिजे.' माझं अक्षर लांबून वाचता येईल एवढं मोठं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या आठवड्यात बातम्या बऱ्या मिळाल्या. पुढे टंचाई झाली. 'सातवीच्या एका मुलाची हरवलेली चप्पल सापडली' ही बातमी मी सलग दोन दिवस चालवली, कारण चपला दोन होत्या. एकदा मी लिहिलं, 'गणिताचे नवे सर लवकरच येणार असे कळते.' सरांनी ते पुसलं. म्हणाले, "कळते म्हणजे कुणाला कळते?" पुढे नोकरीत हा प्रश्न मला अनेक संपादकांनी विचारला. एवढ्या हळू आवाजात कुणी विचारला नाही.

माझ्या वर्गातली संगीता मारकड याच सुमारास शाळेत यायची थांबली. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती. तिच्या वडिलांनी, सगळे त्यांना आबा म्हणत, ती विकून टोमॅटो आणि वांगी लावली होती आणि एक म्हैस घेतली होती. म्हैस गाभण होती. आदल्या वर्षी सगळे रानात असताना ती व्याली आणि पारडू दगावलं. यंदा घरी कुणीतरी हवं म्हणून आबांनी संगीताला बसवलं. म्हैस व्याली की पाठवतो, असं ते म्हणत. पण त्यानंतर टोमॅटोची तोडणी होती, आणि त्याच्यापुढे तिच्या मोठ्या बहिणीचं उदाहरण होतं. बहिणीलाही असंच आठ दिवसांसाठी बसवलं होतं. ती पुन्हा शाळेत आली नाही.

सर रोज संध्याकाळी सायकल तिकडे वळवत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी लिहायची, 'मारकडांची म्हैस सुखरूप आहे.' ही बातमी खरी होती आणि चांगलीही होती, त्यामुळे तिला हरकत घेता येत नव्हती. ती नऊ दिवस चालली.

दहाव्या दिवशी पाचवीतल्या एका पोरानं सांगितलं, म्हैस हंबरत होती आणि आबा पळत होते. मी लिहिलं, 'मारकडांची म्हैस व्याली. पारडी झाली.' पारडी मी मनानं घातली. सर त्या सकाळी इंदापूरला कामाला गेले होते, तपासायला कुणी नव्हतं. आमच्याकडे व्यालेल्या जनावराचा चीक, खरवसाचं ते पहिलं दूध, विकत नाहीत, वाटतात. मधल्या सुट्टीत मुलांनी भाकरी घाईघाईनं संपवली, डबे हापशावर धुतले आणि तिसेक जण मारकडांच्या दारात रांगेनं उभे राहिले. आबा खरोखर पळत होते, पण एसटी गाठायला. ती चुकली होती. ते परत आले ते या रांगेवर.

"कुणी सांगितलं म्हैस व्याली म्हणून?"

"फळ्यावर हाय आबा."

"म्हशीला ठावं न्हाय अजून," आबा म्हणाले.

दारात आलेलं भांडं रिकामं पाठवू नये, ही त्या घरची रीत. संगीताच्या आईनं चिडत चिडत प्रत्येक डब्यात मूठभर शेंगा घातल्या. संध्याकाळी सर मला घेऊन माफी मागायला गेले. आबा माझ्याकडे न बघता सरांना म्हणाले, "व्याली की चीक शाळंत धाडतो. पोरीच्याच हातनं धाडतो. पर ही पलटण पुना दारात नगं."

म्हैस चार दिवसांनी व्याली आणि पारडीच झाली. तेवढा भाग बरोबर निघाला, असं मी सरांना सांगितलं. तो धरायचा नाही, असं ते म्हणाले. संगीता अॅल्युमिनियमची किटली घेऊन आली. आत आईनं शिजवलेला चीक होता. प्रत्येकाच्या वाट्याला खडूएवढा तुकडा आला. शाळा सुटताना संगीतानं किटली मागितली, तेव्हा सर गंभीरपणे म्हणाले, "मारकडांची किटली रिकामी कशी देऊ? उद्या साखर आणतो. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ती किटलीसाठी आली. सर म्हणाले, आणली आहे, शाळा सुटली की घेऊन जा, तोवर बस. ती बसली. शाळा सुटल्यावर सरांच्या लक्षात आलं की साखर आणायची राहिली. तिसऱ्या दिवशी गूळ आणला, पण त्याला मुंग्या लागल्या होत्या. चौथ्या दिवशी किटली कपाटात आणि किल्ली कन्हेरीला. लिंबाखाली पहिल्या रांगेत संगीता रोज घाईत असल्यासारखी बसे, आणि मग हळूहळू दप्तरही आणू लागली. घरी काय चाललंय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आबा म्हणत्यात, मास्तर इसरभोळा हाय. जा, किटली घिऊन यी." सहामाहीचे सगळे पेपर तिनं असेच किटली न्यायला येऊन दिले.

दिवाळीच्या सुट्टीआधी सर साखर भरलेली किटली घेऊन स्वतः मारकडांकडे गेले. मी आणि संगीता मागून चालत होतो. आबांनी टोमॅटोचे क्रेट बाजूला सारून त्यांना बाजेवर बसवलं. किटली उघडून साखर पाहिली, साखर डब्यात ओतून घेतली आणि रिकामी किटली सरांच्याच हातात परत दिली.

"असूंद्या तुमच्यापाशीच. दिवाळी झाली की पोरगी यील न्यायला."

सरांनी किटलीचं झाकण लावलं. आबा म्हणाले, "मला काय कळत न्हाय व्हय सर? घरात चार किटल्या हायत्या."

संगीता दहावी झाली, नर्सिंगला गेली. किटली राहिली. निवृत्तीनंतर सर बारामतीत राहायला आले, तेव्हा सामानात तीही आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं 'मारकड' अजून वाचता येतं. मी जायची तेव्हा सर विचारत, "काय बातमी?" चांगली नसेल तर चहा उशिरा येई.

गेल्या आठवड्यात मी आणि संगीता सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो. माणसांची ये-जा आता थांबली आहे. मुलगा पुण्याला परत गेला आहे. काकूंनी किटलीचा विषय काढला नव्हता. संगीतानंच खिडकीकडे बघत विचारलं, "काकू, किटली न्हिऊ का मी? आबांना दाखवते."

काकूंनी किटली खाली काढली, पदरानं पुसली, झाकण उघडून आत पाहिलं. मग त्या फळीपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"साखर संपलीय गं," त्या म्हणाल्या. "रिकामी कशी देऊ? उद्या ये."

साखरेचा डबा काचेचा होता आणि मी बसले होते तिथून दिसत होता. गळ्यापर्यंत भरलेला होता. संगीतालाही दिसला असावा.

"बरं काकू," ती म्हणाली. "ड्युटी संपली की येते."