देवदारची फळी आणि दोन तांबे पाणी

"त्या फळीचं धनुष्य राहूनच गेलं बघ," अप्पा म्हणाले आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. अप्पा म्हणजे माझे वडील. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं आलं, चालणंही बरंचसं आलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी ओढायला एक निळा रबरी पट्टा दिलाय. तो दोनदा ओढायचा, "साकु" म्हणायचं आणि पायानं सोफ्याखाली ढकलायचा, हा अप्पांचा रोजचा कार्यक्रम. साकु म्हणजे कानडीत पुरे. आमचं घर सोलापुरातलं, लिंगायत, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी. लाड मराठीत होतात, नकार कानडीत येतात. आठ महिन्यांत अप्पांनी स्वतःहून कशाची तरी आठवण काढली ती ही पहिलीच, त्यामुळे चहा सांडल्याचं मला काही वाटलं नाही.

फळी देवदारची. अप्पा फौजेत होते आणि शेवटची काही वर्षं हिमाचलात होते. तिकडून कायमचे आले तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी आणि ही पाच फुटी फळी घेऊन. मी तेव्हा आठवीत होते, बांबूच्या कामट्यांची धनुष्यं करून मोडत होते. "तुला शिकारीचं खरं धनुष्य करून देईन," असं त्यांनी कबूल केलं होतं. पुढे माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, आता मीच शाळेत विज्ञान शिकवते, आणि फळी कपाटामागे जुन्या ब्लँकेटमध्ये तशीच उभी. ठरवलं, अप्पांच्या डोक्यात ही आठवण ताजी आहे तोवर धनुष्य करायचंच. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगोल्याच्या पुढच्या एका वस्तीवरच्या तात्यांचं नाव सांगितलं. तात्या सुतार, आणि त्यांचे वडील मेंढपाळांना धनुष्यं करून द्यायचे. (गावाचं नाव लिहीत नाही. "गर्दी नगं," असं तात्यांनीच बजावलंय.)

निघायच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. एवढ्या जाणत्या माणसाकडे काळवंडलेली फळी कशी न्यायची, म्हणून गल्लीतल्या फर्निचरवाल्याकडून तिला दोन्ही बाजूंनी रंधा मारून घेतला. फळी अशी गुळगुळीत झाली की मी तिचा फोटोसुद्धा काढला. तो फोटो आता पाहवत नाही.

पहिला दिवस

सोलापूर स्टँडवरून सकाळची सांगोला गाडी पकडली. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे शंभराच्या आत काम झालं. फळी बघून कंडक्टर म्हणाले, "म्याडम, दाराची चौकट घिऊन निगालाव का?" मी धनुष्य म्हटल्यावर मागच्या सीटवरच्या आजींनी लगेच विचारलं, "कुणाला मारायचंय?" मंगळवेढ्यापर्यंत गाडीत हाच विषय होता. जानेवारी असल्यानं मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कणसाला आली होती. या दिवसांत जाणार असाल तर तिथं उतरून हुरडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे जमीन पालटते. माळ लागतो, मुरूम लागतो, आणि पांढरी कापडं पांघरलेल्या डाळिंबाच्या बागा सुरू होतात. सांगोल्याच्या स्टँडसमोर भजी खाल्ली आणि वडापच्या शेअर जीपमध्ये फळी मांडीवर आडवी धरून बसले. शेजारचे दोघे वाटभर मान तिरकी करून बसले होते, पण कुरकुरले नाहीत.

तात्या पंचाहत्तरीचे, सडसडीत, कानावर पेन्सिल. पत्र्याच्या शेडमध्ये एका नांगराला ठोकत बसले होते. फळी हातात घेतली, नाकाला लावली, डोळे मिटले. "ह्ये लाकूड म्या कदी हाताळलं न्हाय. पर वास लई झ्याक हाय." मग टोकाकडून पाहिलं, अंगठ्याचं नख पाठीवरून फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"रंधा कुणी मारला?"

मी अभिमानानं सांगितलं.

"पाठ सोलली की वो तुमी ह्येची!" ते ओरडलेच. "लाकूड दर वर्साला येक साल चडवतं. धनुष्याची पाठ, म्हंजी भायरची बाजू, येकाच सालीची लागती, ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तोर. तुमी समद्या साली मदीच कापल्या. दोरी वडली की तितनंच फाटंल बगा."

दुसरी फळी नाही, हे मी कसंबसं सांगितलं. अप्पांचा हात, निळा पट्टा, साकु, सगळं एका दमात बोलून गेले आणि परक्या अंगणात चक्क रडले. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि नवऱ्याला झापलं, "लेकरू लांबनं आलंय, आन् तुमी आल्या आल्या वरडताय व्हय?"

तात्या थोडे वरमले. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "उजव्या हातानं काय उचलत्यात त्ये? कळशी?"

"छे. तांब्या उचलतात. दोन तांब्यांएवढं वजन असलं की हात थरथरतो."

"बरं," एवढंच म्हणाले आणि आढ्याला लटकवलेली एक वाळकी जुडी त्यांनी खाली काढली. "पाठ गेली तर दुसरी पाठ लावू. हाय काय त्यात."

ती जुडी होती बकऱ्यांच्या मागच्या पायांतल्या शिरांची. तुटक्या दांड्यांना, मुठींना बांधायला तात्या त्या वाळवून ठेवतात. त्या कुटून त्यांचे धागे काढायचे, सरसात, म्हणजे सुतारकामाच्या डिंकात, भिजवायचे आणि धनुष्याच्या पाठीवर एकावर एक चिकटवायचे. वाळताना ते आवळतात आणि लाकडाला फाटू देत नाहीत. आता माझी पंचाईत बघा. आमच्या घरात अंडं उकडायचं तर अप्पा गच्चीवर स्टोव्ह नेत असत. आणि इथे तात्यांनी माझ्यापुढे दगड ठेवला, म्हणाले, "फळी तुमी सोलली, आता शिरा बी तुमीच कुटा."

कुटल्या. संध्याकाळपर्यंत कुटल्या. पहिली शीर हातात घेताना अंगावर काटा आला. दहाव्या शिरेनंतर काही वाटेनासं झालं. रात्री काकूंनी हुलग्याचं माडगं वाढलं, सोबत बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी. हुलग्याचं ते पातळ, गरम पिठलंवजा पेय मी पहिल्यांदाच प्यायले आणि तीन वाट्या मागून घेतल्या. सांगोल्यात लॉज आहेत, पण काकूंनी मला जाऊच दिलं नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस

तात्यांनी फळीवर मधोमध मूठ आखली आणि दोन्ही बाजू टोकाकडे निमुळत्या करत तासल्या. लाकूड जिकडे नेईल तिकडे हात जाऊ द्यायचा, अशी त्यांची पद्धत. शेडभर देवदारचा वास झाला. काकूंनी ढलप्या गोळा करून घेतल्या. थोड्या ट्रंकेत लुगड्यांमध्ये ठेवल्या, थोड्या देवापुढे धुपाटण्यात टाकल्या. मी शिकारीचं विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "आमचा बा सशामागं जायचा, तित्तरामागं जायचा. आता सशाला हात लावला तर आत टाकत्यात. बरं हाय त्ये. माळावर आता ससा दिसतोय तरी."

तिसऱ्या दिवशी आम्ही सरसातले धागे पाठीवर लावले. मी धागा द्यायचा, त्यांनी अंगठ्यानं दाबत न्यायचा. बोटं चिकटून बसत होती, कोमट पाण्यात बुडवून सोडवावी लागत होती. संपल्यावर धनुष्य सावलीत टांगलं. "तीन आटवडं हात लावायचा न्हाय," तात्या म्हणाले. जाणाऱ्यांसाठी सांगते, हे काम एका सुट्टीत होत नाही. दोन खेपा धराच, आणि तात्या सांगतील ती मजुरी मुकाट द्या; त्यांनी माझ्याकडून चार दिवसांचे मागितले आणि रडण्याचा वेळ त्यात धरला नाही.

पुन्हा, तीन आठवड्यांनी

या वेळी अप्पा दारापर्यंत सोडायला आले. "मोडलं तर सांगू नको," म्हणाले. गाडीत तेच कंडक्टर होते. "चौकट बसली का?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी धनुष्याला दोरी चढवली, ते भिंतीतल्या खुंटीवर मुठीनं आडवं टांगलं, दोरीला मधोमध बादली अडकवली आणि तिच्यात एक तांब्या पाणी ओतलं. धनुष्य जेमतेम वाकलं. ते उतरवायचं, काचेच्या तुकड्यानं पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूनं, खरवडायचं, पुन्हा टांगायचं. डावी बाजू जास्त वाकली तर उजवी खरवडायची. दुपारपर्यंत हेच. पाठीवरच्या शिरा करकरल्या की मी एक पाऊल मागे सरकायचे. शेवटी दोन तांब्यांना धनुष्य दोन्हीकडे सारखं, सुरेख वाकलं आणि तात्यांनी काच खाली ठेवली.

"अजून ओता ना," मी म्हटलं. "बादली भरू द्या."

"बास. झालं."

मी ओढून पाहिलं. अगदी हलकं. मला रागच आला. एवढी देवदारची फळी, एवढ्या शिरा, आणि हे? "तात्या, मी शिकारीचं धनुष्य मागितलं होतं. यानं कावळासुद्धा मरणार नाही."

तात्या शांतपणे हात पुसत होते. "पोरी, तुला कावळा माराचा हाय, का बापाचा हात उटवाचा हाय? दोन तांबे तूच सांगितलंस की."

खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पंचवीस वर्षं मी ते धनुष्य माझं समजत होते, आणि ज्यांनी अप्पांना पाहिलंही नव्हतं त्यांनी पहिल्याच दिवशी माप घेतलं होतं. तात्या संकोचून मागे सरकले आणि एकदम कडक आवाजात सूचना द्यायला लागले. "दोरी वडाची आन् सावकाश परत आणाची. बाण न्हाय म्हंजी दोरी सोडाची न्हाय. मोकळी सुटली की धनुष्य मोडंल. हात सुदारला की दोरीला पीळ वाडवा, मंग जड जाईल." काकूंनी डाळिंबं बांधून दिली, वडापवाल्याला थांबवून ठेवलं आणि मला पुढची सीट मिळवून दिली.

घरी

अप्पांनी आधी धनुष्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग डाव्या हातात मूठ धरली आणि उजव्या हाताची तीन बोटं दोरीवर ठेवली. मी तात्यांची सूचना सांगितली. रबरी पट्टा कंटाळा आला की सोडून देता येत होता. हे सोडता येणार नव्हतं. दोरी अर्ध्यावर आली, हात थरथरायला लागला, कपाळावर घाम आला, आणि अप्पांनी ओठ दाबून ती पुन्हा जागेवर आणून ठेवली. एकदा. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

या प्रवासानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे मोठी यादी आहे: माडगं, माळ, देवदारचा वास, आणि परक्याच्या बापासाठी दोन तांबे लक्षात ठेवणारा एक माणूस. तात्यांना फोन करून सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "पीळ हळूहळू वाडवा," आणि फोन ठेवून दिला. आता सोफ्याखालचा पट्टा मी काढून टाकलाय आणि धनुष्य अप्पांच्या उशाशी खुंटीवर असतं.

धनुष्य घरी आलं त्या पहिल्या दिवशी सहाव्या वेळेला त्यांची बोटं पांढरी पडलेली पाहून मीच घाबरले. "साकु, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोटं पुन्हा दोरीवर ठेवली.

"इन्नोंदु," ते म्हणाले. आणखी एक.