बिबट्यासाठी लावलेला पिंजरा

तेव्हा मी आजी झाले नव्हते, पण आजच्यापेक्षा पुष्कळ शहाणी होते. निदान माझी तशी खात्री होती.

महाळुंगे पडवळच्या शिवारात आमची वस्ती. चार घरं आणि चहूकडून ऊस. उसात बिबट्या असतो हे आमच्याकडं पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतं. त्याचं कुणाला नवल नाही. तो एक शेळी धरतो, मानेला धरतो आणि उसात ओढून नेतो. वागायला तसा नियमाचा.

पण त्या उन्हाळ्यात जे चाललं होतं ते कुठल्याच नियमात बसेना. आज एका गोठ्यात दोन शेळ्या मेलेल्या, परवा दुसऱ्याकडं करडू. मांड्या फाडलेल्या, कास ओरबाडलेली, आणि सगळं जागच्या जागी टाकून दिलेलं. मारायचं आणि न्यायचं नाही, हे कसलं जनावर?

खोटं कशाला बोलू, ज्यांच्या शेळ्या गेल्या ते सोडले तर बाकी वस्तीला नुसता ऊत आला होता. संध्याकाळच्या मालिका कुणी बघेना. पेठ गावाच्या अलीकडं हायवे ओलांडताना कुणालातरी पट्ट्यापट्ट्यांचं काही दिसलं होतं. माझी धाकटी जाऊ तर छातीठोक सांगायची, "गाडीत घालून आणून सोडलंय काय तरी. टेंपो आला व्हता."

"कुणी बघितला टेंपो?"

"आवाज आला की."

ती ओझरला गणपतीपुढं नारळ ठेवून आली, आणि येताना तिकडच्या आणखी दोन बातम्या घेऊन आली. तिकडचं जनावर म्हणे नुसतं रक्त पीत होतं.

आणि मी? मी तर तज्ज्ञ. माहेर भीमाशंकरच्या डोंगराकडचं, एवढंच माझं शिक्षण. त्या डोंगरात मी सरपणापलीकडं कधी गेले नव्हते, आणि वाघ पाहिला होता तो देवीच्या तसबिरीतला. पण ओढ्याच्या चिखलात एक ठसा सापडला आणि मी पदर खोचला. ठशावर पाटी पालथी घातली, पाटीवर दगड ठेवला, आणि येईल त्याला पाटी उचलून ठसा दाखवायला लागले. ठशात नखं उमटली होती.

"बिबट्याची नखं उमटत न्हाईत," मी सांगायची. "हे तरस."

लोक माना डोलवायचे, आमच्याकडं चहा प्यायचे आणि जायचे. नखं कुत्र्याचीही उमटतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुत्र्यासारख्या क्षुल्लक प्राण्याचा विचार करण्याइतकी मी लहान बाई राहिले नव्हते. आमचे हे एकदा म्हणाले, "कुत्र्याचा दिसतोय गं." मी त्यांच्याकडं असं काही बघितलं की ते मोटर चालू करायला निघून गेले. लाईट नव्हती तरी.

शेवटी फॉरेस्टचा माणूस पिंजरा घेऊन आला. पिंजरा बिबट्यासाठीचा, तरसाला वेगळा नसतो म्हणाला. त्याला मागच्या अंगाला एक लहान कप्पा, बाहेरून पत्रा ठोकलेला. त्या कप्प्यात शेळी ठेवायची. मधे गज. जनावर पुढच्या दारानं आत येतं, तळाच्या फळीवर पाय पडला की दार खाली येतं. शेळीला काही होत नाही.

पण शेळी कोण देणार? सगळे आपापल्या चपला बघायला लागले.

जाऊ म्हणाली, "थोरल्या बाईंची घ्या की. त्यांना जनावराचं लई कळतं."

माझी एकच शेळी. काळी, बाटलीनं वाढवलेली, आणि गाभण. व्यायला महिना राहिलेला. पण तज्ज्ञ चारचौघांत माघार घेत नसतो. "न्या," म्हणाले. त्या माणसानं तिला मागच्या कप्प्यात घातलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि सकाळी येतो सांगून गेला.

दिवस कलला तशी ती ओरडायला लागली. चुलीपर्यंत आवाज येत होता. हे म्हणाले, "मधे गज हायेत, तिला काय व्हतंय?" पण गाभण शेळी भेदरली तर पिल्लू टाकते, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. मी घासाची पेंढी उचलली आणि निघाले.

कप्प्याला पत्रा, म्हणजे घास द्यायचा तर पुढूनच आत शिरायला हवं. शिरले. फळी बरोब्बर ओलांडली, एवढी मी हुशार. घास गजांतून दिला, तिचा कान कुरवाळला. मग तिच्याशी बोलत बोलत पाठमोरी सरकले आणि थेट फळीवर बसले.

दार धाडकन पडलं.

फोन कनवटीला होता. पण फोन केला तर वस्ती येणार, आणि वस्ती आली की जाऊ येणार. म्हटलं, बसू जरा, काहीतरी सुचेल.

सुचायच्या आधी ऊस सळसळला. तरस, पट्टेवालं, टेंपोतलं, रक्त पिणारं, सगळी एका रांगेत माझ्या डोळ्यांपुढून गेली. मी गजांतून शेळीचा कान घट्ट धरला. आणि उसातून निघालं एक तांबडं कुत्रं. मग दुसरं. मग पाच-सहा. ओळखीची कुत्री, पलीकडच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकायचे, त्यांवर पोसलेली. उन्हाळ्यात शेड रिकामी पडली होती, आणि त्यांच्या तोंडाला मांस तर लागलेलं.

ती सरळ शेळीच्या कप्प्यावर तुटून पडली. पत्रा खरवडायला लागली. आत शेळी या गजावरून त्या गजावर आदळत होती. आणि सगळ्यांत पुढं, सगळ्यांत जोरात खरवडणारं कुत्रं आमचंच. दिवसभर उंबऱ्याशी लोळणारं, माझ्या हातची दूधभाकरी खाणारं. ते वळसा घालून पुढं आलं, मला बघितलं, शेपूट हलवलं, आणि परत कामाला गेलं.

तेव्हा मी फोन लावला.

"कुठं हायेस गं?" हे म्हणाले.

"पिंजऱ्यात."

"काय सापडलं का?"

"सापडलंय. एकटेच या. काठी घेऊन या."

एकटे कसले, अख्खी वस्ती आली. कुत्री उसात पळाली. आमचं तेवढं ह्यांच्या अंगावर उड्या मारायला लागलं, पत्रा खरवडून पंजे रक्ताळलेले. ह्यांनी तिथल्या तिथं त्याच्या गळ्यात दोर घातला.

जाऊनं बॅटरी थेट माझ्या तोंडावर मारली. "थोरल्या बाई, तरस कुठं हाय?"

"कुत्री हायेत. आपलंच पुढारी."

इतकी निराश झालेली माणसं मी कधी पाहिली नव्हती. जाऊ म्हणाली, "ही आज आली असतील. आधीचं ते येगळं व्हतं."

ह्यांनी दार वर उचललं. "चल, ये बाहेर."

"न्हाई येत. किल्ली त्या माणसाकडं आहे. मी उठले की ही परत ओरडायला लागेल, आणि कुत्री उसातच आहेत."

"मी थांबतो ना काठी घेऊन."

"तुम्हाला बघून ती गप्प बसणार आहे का?"

ह्यांनी फॉरेस्टच्या माणसाला फोन लावला. तो ताटावर बसला होता; सकाळी बघू म्हणाला. हे म्हणाले, "साहेब, पिंजऱ्यात बाई हाये."

"कुणाची?"

"माझीच."

मोटरसायकल भरधाव आली. "मावशी, तुम्ही आत कशाला गेला?" तो विचारत होता. "कुलूप काढा आधी," मी म्हणाले.

त्यानं कुलूप काढलं. ह्यांनी शेळीला अलगद बाहेर घेतलं आणि पुढच्या दाराशी आणून माझ्यासमोर उभं केलं. तिचे पाय लटलटत होते. मी आतूनच हात लांबवून तिच्या पोटाला तळवा लावला. काही हालेना. जाऊनंही बॅटरी खाली केली. मी तळवा काढला नाही. बऱ्याच वेळानं आतून एक लाथ बसली, आणि लगेच दुसरी.

"हाये," मी म्हणाले. "आता मला कुणीतरी हात द्या, पाय गेलेत माझे."