आत्याची शीळ

माझी आत्या एदुविहेस एका जागी बसलेली गावात कुणी पाहिली नव्हती. तव्यावर मक्याची भाकरी टाकून ती अंगणात, तिथून शेजारी, आणि करपल्याचा वास आला की धावत परत. जीव घाबरा झाला की शीळ घालायची. आमच्याकडे बायका शीळ घालत नाहीत. मक्याच्या पेरणीसाठी तोडलेलं रान जाळताना पुरुष शीळ घालून वाऱ्याला बोलावतात. रान सोडणारा शेवटचा माणूस आधी शीळ घालतो, मग बाकीचे घालतात आणि आग लावतात.

आनाक्लेतो आतोबा तिला रोज टोकायचे, "अगं, वारा येऊन छप्पर घेऊन जाईल!"

"नेऊ दे. तुमच्या घोरण्याला तेवढीच मोकळी वाट."

त्या वर्षी आभाळ लवकर भरून आलं. लाकूड भिजलं असतं तर मक्याचं वर्ष गेलं असतं, म्हणून त्याच दिवशी जाळायचं ठरलं. आत्याने मात्र आदल्या दिवशी फांद्यांखाली रानटर्कीची मादी अंड्यांवर बसलेली पाहिली होती. निळं डोकं, त्यावर नारिंगी चामखिळी, आणि हलायला तयार नाही.

"अंडी काढून घरच्या टर्कीखाली ठेवते," ती म्हणाली. "जिवंत जाळलेलं माझ्याच्याने बघवणार नाही."

"जा, पण लवकर ये. तू निघालीस की पेटवतो."

आत्या रानात शिरली. आतोबा पलीकडच्या काठाला पलिता घेऊन येरझाऱ्या घालत होते. मी पाण्याची घागर घेऊन शेजारी उभी होते. आभाळाकडे बघ, रानाकडे बघ, पुन्हा आभाळाकडे. एवढ्यात आतून शीळ आली.

"निघाली एकदाची!" म्हणत आतोबांनी पलिता टेकवला. त्यांनीही शीळ घातली. वारा लगेच आला.

आणि धुराच्या मधोमध आत्या ओरडली.

मादी चोची मारत होती, उठत नव्हती, म्हणून आत्याच्या काळजाचं पाणी झालं होतं. सवयीने तिने शीळ घातली होती, बस्स.

आतोबा तसेच आगीत धावले. दोघं बाहेर आली तेव्हा तिच्या झग्याची किनार जळाली होती आणि शालीत अंडी होती.

"एकही फुटलं नाही," ती म्हणाली.

"अंडी गेली खड्ड्यात! पाय दाखव आधी," म्हणत आतोबा मातीत बसून ढसाढसा रडले.

पिल्लं निघाली, मोठी झाली, आणि मका पिकायच्या सुमारास रानात निघून गेली. आत्याने मात्र त्या दिवसापासून ओठ मिटले. घरात फिरायची, पण शीळ नाही. आतोबांची झोप उडाली. ती दिसेना की उठून परसात बघून यायचे.

यंदा पहाटे टर्कीचे नर झाडावर ओरडू लागले तेव्हा मी तिथेच होते. आतोबा दारात उभे होते.

"एदु, जरा शीळ घाल ना. घर खायला उठतंय मला."

आत्या चुलीपाशी थांबली. "आधी हात दाखवा. पलिता नाही ना?"

आतोबांनी दोन्ही रिकामे हात पुढे केले.