उधाणाचं पोस्टकार्ड

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणारे अजून सांगतात, माणूस फार शांत होता. रविवारी सकाळी टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागली की हा शांत माणूस मला किती छळायचा, हे मलाच ठाऊक.

कार्यक्रम इंग्रजीत. समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या आमच्या घरात इंग्रजी कळणारी मी एकटी, पालघरच्या कॉलेजात शिकणारी. सूत्रसंचालक प्रश्न विचारायचा, बाबा माझ्याकडे बघायचे, आणि मी मराठीत सांगेपर्यंत उत्तर येऊन गेलेलं असायचं.

"तू लय सावकाश हायस. सायेब बघ कसा पटापट बोलतो."

"त्यांच्या हातात कागद असतो, बाबा."

"मंग तू पण घे कागद."

त्या सायबावर त्यांचा भारी जीव. चुकलेल्या मुलालाही तो इतक्या अदबीनं 'सॉरी' म्हणायचा, की बाबा खूश होऊन मान डोलवायचे. माझं अर्धं भाषांतर तिथेच वाया जायचं.

एकदा प्रेक्षकांसाठी प्रश्न आला: समुद्राला सगळ्यांत मोठी भरती कधी येते? उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं होतं. बाबा उठून उभेच राहिले.

"लिही. पुनवेला नाय, अवसेला नाय. त्याच्या नंतर, दुजेला. पुनवेला पाणी नुसतं चढाय लागतं."

त्या पाण्याच्या ओढीवरच त्यांनी जन्मभर जाळी लावली होती. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात मात्र पौर्णिमा आणि अमावास्या असं छापलेलं होतं. वाद घालायचा मला कंटाळा आला. मी कार्डावर पुस्तकातलं उत्तर लिहिलं, खाली त्यांचं नाव घातलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

काही रविवार गेले. सूत्रसंचालकानं सांगितलं, आम्ही पौर्णिमा-अमावास्या हे उत्तर बरोबर धरलं होतं. पण किनाऱ्यावरच्या एका प्रेक्षकानं कळवलंय की खरं उधाण त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं, आणि त्यांचंच बरोबर आहे. मग त्यानं नाव वाचलं. ते आमचं नव्हतं.

"नाव चुकवलं सायबानं," बाबा म्हणाले. "त्याला आणखी एक कार्ड टाक. उत्तर मुरब्याचं हाय, एवढंच लिही. आमाला राग नाय, ते पण लिही."

बंदरावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. घरी रोज एकच: "टाकलं काय कार्ड?" जेवताना तेच, मी पुस्तक उघडलं की तेच. शेवटी एका संध्याकाळी ते जाळं सांधत बसलेले असताना मी वैतागून बोलून गेले, की पहिल्या कार्डावर मी त्यांचं उत्तर लिहिलंच नव्हतं.

त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे तुला पण ते खोटंच वाटलं," एवढंच म्हणाले.

ओरडले असते तर मी भांडले तरी असते. पुढच्या रविवारी ते टीव्हीसमोर बसले. प्रश्न आला, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी आपणहून हळू आवाजात मराठीत सांगायला लागले. ते उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.