बाबांसमोर चाखलेली बार्बेरा

दिघोरीहून भंडाऱ्याला जाणारी एसटी एरवी कधी वेळेवर येत नसे, नेमकी त्या दिवशी आली. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. माय पदरानं डोळे पुसत होती, धाकटा भाऊ माझी ट्रंक टपावर चढवत होता आणि बाबा माझ्याकडे न पाहता कंडक्टरशी धानाच्या गोष्टी करत होते. गाडी सुरू झाली तेव्हा कुठं खिडकीशी आले. म्हणाले, "दारूच्या घरी चालला तू. चालला त चालला. पन पोटात जाऊ देऊ नोको." आशीर्वाद म्हणून माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मुंबईच्या एका हॉटेलात भांडी घासता घासता मी स्वयंपाकी झालो होतो. तिथं उतरलेल्या एका इटालियन पाहुण्याला माझ्या हातचं आवडलं. त्याच्या द्राक्षमळ्यात वाइन बनायची, आणि ती विकत घ्यायला येणाऱ्यांना जेवू घालणाऱ्या त्याच्या आईला हाताखाली माणूस हवा होता. मी हो म्हणून बसलो. अन् बाबा कोण? छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेले. परत आल्या आल्या घरातली मोहाची दारू गाळायची मडकी त्यांनी स्वतःच्या हातानं फोडली होती. पाचवं शील म्हणजे नशा नको, ते आमच्या घरात मीठमिरचीइतकं रोजचं होतं. त्या माणसाचा मोठा लेक असल्या नोकरीला निघाला होता.

गाव सोडून पुण्याकडं गेलेल्या माझ्या भावाबहिणींनो, तुम्ही निदान भाताच्या मुलखातून पोळीच्या मुलखात गेलात. मी गेलो तो इटलीतला पिएमोंत भाग तर आमच्यासारखाच भाताचा निघाला. डोंगरावर द्राक्ष, खाली पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या. आगगाडीतून त्या पाहिल्या तेव्हा वाटलं, आपण आपल्या लाखांदूर तालुक्यातच आहोत, लोक तेवढे बदलले. म्हणूनच पहिल्याच दिवशी माती खाल्ली. मालकाच्या आईनं, सिन्योरानं, तांदूळ शिजवायला सांगितले. मी मायनं शिकवल्याप्रमाणे ते पाणी नितळ होईस्तोवर चोळून चोळून धुतले. त्यांच्या रिझोत्तोला, म्हणजे तिथल्या मऊ भाताला, तांदळाचा तोच धुऊन गेलेला पिठूळपणा लागतो. थोडी वाइन, मग चमचा चमचा गरम रस्सा घालत, ढवळत तो मऊ करायचा असतो. माझा झाला मोकळा फडफडीत, पंगतीत वाढावा तसा. सिन्योरानं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा तांदूळ नव्हे, तिचं पोर धुऊन काढलं असावं.

खरी भीती वेगळीच होती. कोणत्या जेवणाला कोणती वाइन, हे पाहुण्यांना सांगायचं तर चाखणं आलं. मी दोन्ही हात जोडून सिन्योराला सांगितलं की माझ्या बापानं मना केलं आहे. माझी मोडकी इटालियन तिला कितपत कळली कोण जाणे. तिनं टेबलाखालून एक बादली ओढली, तोंडात घोट घेतला, खळखळून फिरवला आणि बादलीत थुंकली. तिथं कामाची माणसं असंच करतात. दिवसभर चाखायचं असतं, गिळत बसलं तर संध्याकाळी माणूस भिंतीशी बोलेल. ती बादली पाहून मला जितका आनंद झाला तितका पहिल्या पगारानं झाला नाही.

मग शिकत गेलो. दोल्चेत्तो ही वाइन रोजच्या जेवणाची, फार नखरे नसलेली. बारोलो म्हातारी आणि मानी, तिला तासन्‌तास शिजलेलं मांस लागतं, नाहीतर जुनं चीज. मोस्कातो गोड, ती हेझलनटच्या केकसोबत. माझी लाडकी बार्बेरा. आंबट, धारदार. मीठ लावलेल्या बारीक मासोळ्या आणि ढीगभर लसूण तेलात विरघळवून ते लोक त्यात कच्च्या भाज्या बुडवून खातात, त्यासोबत ती अशी बसते की काय सांगू. वास थेट आमच्या घरच्या सुकटीचा. पहिल्यांदा तो नाकात गेला तेव्हा मी कोठारात जाऊन रडून घेतलं.

इकडे गावात बाबा माझ्या नोकरीचं नाव काढत नव्हते. विहारात कोणी विचारलं तर म्हणत, "हॉटेलात हाय." मी पत्रातून कितीदा लिहिलं की थेंब पोटात गेला नाही. त्यावर उत्तर यायचं, यंदा पाऊस बरा आहे. एकदा तरी त्यांनी मानावं की लेक इज्जतीचं काम करतो, याचा मला ध्यास लागला होता.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात सुट्टीवर निघालो तेव्हा सिन्योरानं बाबांसाठी बार्बेराची एक बाटली दिली. तिच्या मुलखात बापाला पाठवलेली भेट नाकारणं म्हणजे बापाचाच अपमान. तिला समजावणं माझ्याच्यानं होईना, आणि वाटेत टाकून देणंही होईना. दिघोरीला ट्रंक उघडली तर चुलतभाऊ सुखदेवदादाचा हात पहिला तिच्यावर गेला. "काय बे," तो अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "काकानं मडकी फोडली, अन् तू कारखानाच लावला काय?" माय घरात निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी बाटली मागितली, उलटसुलट करून पाहिली. "कायच्यासंग खातेत हे?"

"मटनासंग, बाबा. चरबीनं तोंड जड होते ना, ते साफ करते."

"आपन लिंबू पिळतो."

"तेच समजा."

"मंग तुहं काम काय?"

"चाखाचं, अन् कायच्यासंग काय बसते ते लोकायले सांगाचं."

"चाख मंग. मी पायतो."

मायनं चहाचा कप आणून दिला. मी बूच काढलं, ओतली, वास घेतला, घोट तोंडात फिरवला. बाबांची नजर माझ्या गळ्यावर होती. पपईच्या बुंध्याशी थुंकलो आणि पाहुण्यांना सांगतो तसं सांगितलं, आंबट किती, तुरट किती, त्या सालची कशी आहे. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग सुखदेवदादाला म्हणाले, "पायलं? नाई गेली पोटात. हे काम हाय त्याचं." उठले, उरलेली बाटली स्वतः उकिरड्यावर रिकामी केली आणि मला म्हणाले, "मालकिनीले सांगजो, बापानं घेतली म्हून."

मी खूश होतो, इतका की बाबांचं पुढचं वाक्य आधी नीट ऐकलंच नाही. "तू तिथंच राय, बाबू," ते म्हणाले. "तुले काम गवसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी खोली उघडायला लावली. इतकी वर्षं ती माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती, हे मला तेव्हा कळलं. धाकट्याला सांगून त्यांनी तिच्यात धानाची पोती रचायला घेतली. मीही पाठीवर पोती वाहिली. बाबा रागात होते तोवर माझी वाट पाहत होते.

आता मी दर दोन-तीन वर्षांनी दिघोरीला जातो. मी पोचायच्या आधी बाबा सकाळीच सानगडीच्या बाजारात जाऊन मटण आणतात, चांगलं निवडून. लिंबू कापून ताटाशी ठेवतात आणि समोर बसून मला आग्रह करकरून वाढतात. धाकट्याला कधी असं वाढत नाहीत. तो घरचा आहे.